आधी लाइन, मग स्टेशन, फ्लॅट सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचं कुटुंब येत्या उन्हाळ्यात मुंबईला बदलीवर येतंय. ताईंचं ऑफिस ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये, आठवड्याचे पाचही दिवस. मिस्टरांचं बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, आठवड्यातून तीन दिवस. मुलगी सेमी-इंग्रजी चौथीत आहे, जूनमध्ये पाचवीला जाईल. मुलगा अडीच वर्षांचा. सोबत सासूबाई, वय ७१, गुडघ्यांचा त्रास. भाड्याचं बजेट ४५ हजार. एक गाडी आहे. ऑनलाइन बघून घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधलं घर आवडलंय: पोहायचा तलाव, बाग, क्लबहाउस, दोन बेडरूम, शिवाय बजेटात बसणारं. विचारलंय, मुलांच्या दृष्टीनं हेच उपनगर घ्यावं की दुसरं एखादं बरं?

ठाणे, मुलुंड आणि ऐरोली या पट्ट्यात भाड्याची घरं लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं बाहेरगावचीच असतात. म्हणून आडवळण न घेता सांगते: तो टॉवर तुमच्यासाठी नाही. तुम्ही ठाणे स्टेशनपासून चालत जाता येईल असं नौपाडा-पाचपाखाडीतलं घर आधी बघा, नंतर ऐरोली, आणि ही दोन्ही जमली नाहीत तरच मुलुंड पूर्व.

नागपुरात घर शोधताना ऑफिसभोवती एक गोल काढला तरी चालतं. धरमपेठेत राहा नाहीतर मनीषनगरात, स्कूटर काढली की शहराच्या बहुतेक ठिकाणी माणूस वेळेत पोचतो. मुंबई अशी गोल नाही. ती रेल्वेच्या तीन-चार रेषांवर उभी आहे आणि इथलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून काही कळत नाही. मुलुंड ते बोरिवली सरळ रेषेत फार लांब नाही, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे आणि रोज तो वळसा घालणाऱ्याला विचारा काय होतं ते. म्हणून इथे निवड करायची ती या क्रमानं: आधी लाइन, मग स्टेशन, मग स्टेशनची पूर्व की पश्चिम, मग रस्ता, मग सोसायटी, आणि सगळ्यात शेवटी फ्लॅट. बाहेरून येणारे नव्वद टक्के लोक नेमकं उलटं करतात. फोटोतला फ्लॅट आवडतो, मग सोसायटी आवडते, आणि स्टेशनला कसं जायचं हा प्रश्न सामान लागल्यावर पडतो.

तुमच्या बाबतीत लाइनचा हिशेब सोपा आहे. ऐरोली आहे ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लाइनवर. बीकेसीला जायला मध्य रेल्वेवरचं कुर्ला सोयीचं. या दोन लाइन एकमेकींना भेटतात ठाण्याला. ठाण्याहून ऐरोली म्हणजे मधलं दिघा गाव सोडलं की पुढचंच स्टेशन, गाडीत बसल्यापासून दहाएक मिनिटं. सकाळी ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी भरपूर असते, "उलट्या दिशेला रिकामी जाते" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण गाडी ठाण्यालाच सुटते, त्यामुळे एक गाडी सोडली तर पुढचीत बसायला मिळतं, आणि एवढ्याशा प्रवासात उभं राहिलं तरी बिघडत नाही.

मिस्टरांनी ठाण्याला फास्ट पकडून कुर्ल्याला उतरायचं, पश्चिमेला बाहेर पडायचं आणि बेस्टची बस किंवा शेअर रिक्षा धरायची. गाडीतला वेळ त्रास देत नाही. कुर्ल्याबाहेरची रिक्षाची रांग आणि तिथला ट्रॅफिक देतो. पावसात हे टाळायचं असेल तर एक लांबचा पण भरवशाचा मार्ग आहे: घाटकोपरला उतरून मेट्रो १, मरोळ नाक्याला बदलून भुयारी मेट्रो ३, ती थेट बीकेसीला सोडते. आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून माझ्या बीकेसीवाल्या भाडेकरूंची पावसाळ्यातली कुरकुर निम्म्यावर आली आहे.

आता घोडबंदर. टॉवर वाईट नाहीत. घरं मोठी, हवा बरी, पोडियमवर मुलं बिनधास्त खेळतात, डोंगर खिडकीतून दिसतो. ज्यांचं ऑफिस वागळे इस्टेटला आहे किंवा जे घरूनच काम करतात त्यांना मी स्वतःहून तिकडे पाठवते. पण या रोडवरच्या कासारवडवलीपासून ठाणे स्टेशन दहाएक किलोमीटर आहे आणि त्यासाठी मुख्य रस्ता एकच. त्याच रस्त्यावरून न्हावा-शेवा बंदर आणि गुजरात यांच्यातले कंटेनर जातात, त्याच रस्त्याच्या मधोमध मेट्रो ४ चं काम चालत आलंय, आणि गायमुखच्या घाटात डागडुजी निघाली की मानपाड्यापर्यंत रांग लागते. सकाळी आठला निघालात तर स्टेशन कधी पन्नास मिनिटांत येतं, कधी सव्वा तासात. प्रवास लांब आहे हे एकवेळ सोसतं. किती लागेल हे कधीच सांगता येत नाही, ते सोसत नाही, कारण पाळणाघर सातला बंद होतं आणि तिथल्या मावशींना तुमचा कंटेनर दिसत नाही. "मेट्रो सुरू झाली की प्रश्नच मिटेल" असं घरमालक सांगेल. मिटेल तेव्हा मिटेल. भाडं आज धावणाऱ्या गाड्या बघून ठरवायचं. घर विकत घेताना पुढच्या दहा वर्षांचा विचार करा, भाड्यानं घेताना पुढच्या दोन वर्षांचा पुरे.

एक मात्र बघा: तलावाचं आणि क्लबहाउसचं जे आकर्षण वाटतंय त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये मोजता तुम्ही, आणि जी दोघं कमावती माणसं रोज साडेआठला दमून घरात शिरतात ती आठवड्यात किती वेळा पोहणार? तलाव हवाच असेल तर ठाण्यात महापालिकेचेही तरणतलाव आहेत.

नौपाडा आणि पाचपाखाडी मी पहिल्या क्रमांकाला का ठेवते, ते एका संध्याकाळीत कळतं. राम मारुती रोडनं चालत जा. किराणा, औषधं, वह्या-पुस्तकं, शिंपी, चष्मा, पोळीभाजी केंद्र, दातांचे डॉक्टर, गाण्याचा क्लास, सगळं पायाखाली. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर अॅबॅकसचा वर्ग आणि खाली फरसाणचं दुकान. गडकरी रंगायतन १९७८ पासून उभं आहे, मे महिन्यात बालनाट्यं लागतात. मासुंदा तलाव, म्हणजे आमची तलावपाळी, संध्याकाळी पोरांनी आणि आजी-आजोबांनी फुललेली असते. दहा वर्षांची मुलगी क्लासला एकटी चालत जाऊन परत येऊ शकते, हे मुंबईत फार थोड्या भागांत राहिलंय. टॉवरमध्ये तिला प्रत्येक गोष्टीला कुणीतरी गाडीनं सोडावं लागेल, आणि ते कुणीतरी म्हणजे शेवटी तुम्हीच.

पण या भागाचे दोषही मोठे आहेत. कुठलाही एजंट आपणहून ते सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

पहिला, रिडेव्हलपमेंट. नौपाड्यातल्या बऱ्याच इमारती चाळीस-पन्नास वर्षांच्या आहेत आणि एकामागून एक पाडायला निघाल्यात. तुम्ही एप्रिलमध्ये घर घेता, मुलीची शाळा सुरू होते, आणि दिवाळीनंतर मालकाचा फोन येतो: बिल्डरशी करार झाला, घर रिकामं करा. म्हणून फ्लॅट बघायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा आणि सरळ विचारा, रिडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का, ७९अ ची (सहकार कायद्यातल्या रिडेव्हलपमेंटच्या कलमाखालची) सभा झाली आहे का. ७९अ म्हटलं की सेक्रेटरींना कळतं की समोरचा माहितगार आहे, आणि मग उत्तर सरळ मिळतं. शेजारच्या इमारतीचंही विचारा. तुमची नाही पडली तरी बाजूची पडत असेल तर दोन वर्षं धूळ आणि ब्रेकरचा आवाज तुमच्या घरात, आणि लहान मुलाची दुपारची झोप गेलीच.

दुसरा, लिफ्ट. तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. "पहिलाच मजला आहे हो" याला भुलू नका. पहिला मजला म्हणजेही एक अख्खा जिना, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना तेवढ्या वीस-बावीस पायऱ्यांचाच प्रश्न आहे. लिफ्ट असली तर वीज गेल्यावर चालते का, हेही बघा.

तिसरा, पार्किंग. जुन्या नौपाड्यात ४५ हजारांत दोन बेडरूम, लिफ्ट आणि गाडीची जागा या तीनही गोष्टी एकत्र मिळणं कठीण. दोन मिळतील. माझा सल्ला विचाराल तर गाडी पहिले सहा महिने नागपूरलाच राहू द्या. एमएच-३१ ची गाडी इथे आणली तरी राज्य तेच असल्यामुळे पुन्हा रोड टॅक्स भरावा लागत नाही, त्यामुळे घाई कशाचीच नाही. स्टेशनजवळ राहणाऱ्या कुटुंबाची गाडी आठवड्यातून एकदा निघते, आणि त्यासाठी दरमहा चार-पाच हजार जास्त भाडं देण्यात अर्थ नाही.

चौथा, पाणी साचणं. नौपाड्यात चिखलवाडीचा भाग सखल आहे, मोठा पाऊस झाला की तिथे पाणी भरतं. आसपासचं तळमजल्याचं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. जिन्याखालच्या मीटरबॉक्सची उंची बघा; मीटर छातीच्या वर चढवलेले दिसले तर तिथे पाणी येऊन गेलंय.

आणि दिवाळीच्या पहाटे तलावपाळी आणि राम मारुती रोडला जी तरुणाईची गर्दी लोटते, ती एकदा बघाच. त्या दिवशी गाडी घेऊन बाहेर पडू नका म्हणजे झालं.

ऐरोली दुसरी, पण काही घरांसाठी ती पहिलीही ठरते. तुमच्या मिस्टरांचे तीन दिवस उद्या एक दिवस झाले तर माझं मतही बदलेल. सिडकोनं आखलेली सेक्टरं आहेत, रस्ते सरळ आहेत, बऱ्याच सेक्टरांत बाग आहे. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे पाण्याची बाजू ठाण्यापेक्षा भक्कम. ठाण्याला स्वतःचं धरण नाही, पाणी चार ठिकाणांहून येतं आणि एप्रिल-मेमध्ये ते जाणवतं. घोडबंदरच्या टॉवरांत तर टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये कधी चढतात ते कळतही नाही. ऐरोलीत तुम्ही ऑफिसला चालत किंवा रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांत जाल. मुलाला ताप आला म्हणून पाळणाघरातून फोन आला तर वीस मिनिटांत त्याच्यापाशी पोचाल. मोठ्या शहरात नोकरी करणाऱ्या आईला याहून मोठी सोय माहीत असेल तर मला सांगा. मुलांना खाडीतले फ्लेमिंगो दाखवायला वन विभागाचं केंद्र तिथेच आहे, हिवाळ्यात बोटीनं नेतात.

अडचण मिस्टरांची. ऐरोली ते ठाणे, ठाणे ते कुर्ला, मग रिक्षा: तीन टप्पे. गाडीनं ऐरोली पुलावरून पूर्व द्रुतगती मार्गाला लागता येतं, हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, पण संध्याकाळी परतीची रांग माफ झालेली नाही. दुसरं म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी आहे, रात्री वाऱ्याबरोबर कधीकधी रसायनांचा वास येतो. मुलाला बालदमा असेल तर रात्री अकराच्या सुमाराला त्या सेक्टरमध्ये एक चक्कर मारूनच ठरवा.

मुलुंड पूर्वेबद्दल थोडक्यात. नव्वद फुटी रस्ता, गव्हाणपाडा, शांत गल्ल्या, मराठी वस्ती, मुंबई महापालिकेचं पाणी. कुटुंबासाठी उत्तम जागा आहे. पण सगळ्या फास्ट गाड्या मुलुंडला थांबत नाहीत, ऐरोलीला जायचं तर बसनं पुलावरून किंवा आधी उलटं ठाण्याला, आणि तेवढ्याच घराला भाडं ठाण्यापेक्षा जास्त. शिवाय कांजूरमार्गच्या कचराभूमीचा वास विक्रोळी-कांजूर-भांडुप पट्ट्यात जास्त येतो, वारा फिरला की मुलुंडच्या काही भागापर्यंत पोचतो. रिडेव्हलपमेंटचं वारं इथेही तेवढंच.

बाकी नावं तुम्हाला लोक सुचवतीलच. डोंबिवली हे मुलं वाढवायला फार छान गाव आहे, पण सकाळी आठच्या फास्टमध्ये चढणं हा रोजचा पराक्रम होतो, आणि तिथली एमआयडीसी वस्तीला खेटून आहे. २०१६ आणि २०२४ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले. चेंबूरहून बीकेसी जवळ, पण ऐरोली लांब आणि तुमच्या बजेटात घर छोटं. पार्ले, गोरेगाव, बोरिवली ही पश्चिम रेल्वेची मंडळी. तुमचं तिकडे कामच नाही. कुणाच्या तरी मावशी तिकडे राहतात एवढ्या कारणावर लाइन बदलू नका.

आता शाळा, कारण खरं उपनगर तीच ठरवते. तुमची वेळ नकळत चांगली जुळली आहे. जुन्या मराठी संस्थांच्या शाळांत प्राथमिक विभाग चौथीपर्यंत आणि माध्यमिक पाचवीपासून, अशी विभागणी असते. त्यामुळे पाचवीला थोड्या जागा नव्यानं निघतात. तिसरी किंवा सहावीला विचारलं असतंत तर कुणी सोडून जाईपर्यंत वाट बघावी लागली असती. नौपाडा-पाचपाखाडीच्या टापूत बेडेकर विद्यामंदिर, सरस्वती सेकंडरी अशा नावाजलेल्या जुन्या शाळा आहेत. चौकशी आत्ताच सुरू करा, निकालाची वाट बघू नका. सेमी-इंग्रजी आहे म्हणता, तर गणित आणि विज्ञान दोन्ही इंग्रजीतून आहेत का ते विचारा, शाळेगणिक फरक असतो.

आणखी एक गोष्ट विदर्भातून येणाऱ्यांना हमखास गाफील पकडते. तुमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, इथे त्या जूनच्या मध्यावर सुरू होतात. नागपूरच्या कॅलेंडरवर सामान हलवलंत तर मुलगी पहिला आठवडा चुकवेल आणि नव्या वर्गात ओळखी जमतात त्या पहिल्याच आठवड्यात. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि सरल या सरकारी शालेय पोर्टलवरची तिची नोंद नव्या शाळेकडे वर्ग होणं, हे तिन्ही मे उजाडायच्या आत मार्गी लावा. मे महिन्यात तुमच्या शाळेचं ऑफिस उघडं असेल, पण ज्यांची सही लागते ते गावाला गेलेले असतील.

मुलाच्या नर्सरीचं एवढं टेन्शन घेऊ नका. पाळणाघर मात्र घराजवळ बघा, ऑफिसजवळ नको. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन लोकल पकडायची वेळ येऊ नये. सासूबाई घरी आहेत म्हणून पाळणाघर नकोच, असा विचार असेल तर एक आगाऊपणा करते: गुडघे दुखणाऱ्या बाईच्या मागे अडीच वर्षांचा पोरगा दिवसभर लावू नका. अर्धा दिवस पाळणाघर, अर्धा दिवस आजी, असं करा. नौपाड्यात वयस्कर बायकांचे भजनी गट, वाचनालयं, देवळाचा कट्टा हे सगळं चालत्या अंतरावर आहे. नव्या शहरात सगळ्यात एकटं पडतं ते म्हातारं माणूस, आणि घर बघायला येताना त्यांनाच कुणी सोबत आणत नाही. त्यांना आणा. त्या जिना चढताना कुठे थांबतात ते बघितलंत की अर्धी घरं आपोआप गळतील.

घर बघायला रविवारी येऊ नका. रविवारी रस्ते मोकळे, मेगाब्लॉकमुळे गाड्याही वेगळ्याच, त्या दिवशीचं शहर खरं नसतं. मंगळवार-बुधवार असा कामाचा दिवस धरा. सकाळी साडेआठला त्या घराच्या दारातून निघून ऐरोलीला आणि बीकेसीला प्रत्यक्ष जाऊन या, दोघंही, आपापल्या वाटेनं. संध्याकाळी सातनंतर स्टेशनवरून घरापर्यंत चालत या: रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, जवळचं भाडं रिक्षावाले घेतात का. ठाण्याला फास्ट गाड्यांचा पाच नंबरचा प्लॅटफॉर्म २०२४ मध्ये रुंद केला, तरी गर्दीच्या वेळी तिथला जिना चढायला किती वेळ जातो ते स्वतः अनुभवा.

मग सोसायटीच्या दारात या आणि फ्लॅट बघायच्या आधी नोटीस बोर्ड वाचा. मी प्रत्येक नव्या इमारतीत हेच करते. गेल्या उन्हाळ्यात एका देखण्या इमारतीच्या फळ्यावर तीन कागद टाचलेले होते. पहिल्यावर पाण्याची वेळ, सकाळी सहा ते सात. दुसऱ्यावर टँकरच्या खर्चापोटी जादा वर्गणी. तिसऱ्यावर टाइपात, ठळक: पार्किंगमध्ये सायकल चालवताना किंवा चेंडू खेळताना आढळल्यास पालकांना ५०० रुपये दंड. खाली दोन मुलं पायरीवर बसून मोबाइल बघत होती. सोबतच्या कुटुंबाला वर जाऊन फ्लॅट बघायची गरजच पडली नाही. तुम्ही खाली लहान सायकली किती उभ्या आहेत ते बघा, आणि वॉचमनला विचारा, संध्याकाळी मुलं कुठे खेळतात. मालक काहीही सांगेल, वॉचमनला खोटं बोलायचं कारण नसतं.

खाण्यापिण्याचंही आधीच स्पष्ट बोला. मुलुंड पश्चिम, घाटकोपर, बोरिवली अशा भागांत काही सोसायट्या आणि मालक मांसाहारी भाडेकरू घेत नाहीत. चुकीचं आहे, पण आहे. तुमच्याकडे रविवारी सावजी रस्सा शिजत असेल तर टोकन द्यायच्या आधी तो विषय काढा, नंतर शेजाऱ्यांच्या नाकाला जबाबदार धरता येत नाही.

कराराचं बघू. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. "आपण नुसतं नोटरी करू" म्हणणाऱ्या मालकाला नमस्कार करा आणि निघा. नोंदणीकृत करार नसेल तर शाळा, बँक, गॅस, सगळीकडे पत्त्याच्या पुराव्याला अडाल. खर्च फार नाही: मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. समजा भाडं ४२ हजार, मुदत २४ महिने, परत मिळणारं डिपॉझिट दीड लाख. भाडं झालं १० लाख ८ हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे ३० हजार, एकूण १० लाख ३८ हजार. त्याचा पाव टक्का म्हणजे साधारण २,६०० रुपये, वर नोंदणी फी १,००० रुपये. एजंटची दलाली सहसा एक महिन्याचं भाडं. करार ऑनलाइन होतो, आधार आणि अंगठा लागतो, माणूस मशीन घेऊन घरी येतो.

११ महिन्यांचा करार घेऊ नका. तो संपतो नेमका मार्च-एप्रिलमध्ये, मुलीच्या परीक्षेच्या तोंडावर, आणि मालक भाडं वाढवायला मोकळा. २४ महिन्यांचा करा, भाडेवाढ त्यातच लिहून घ्या, आणि लॉक-इन, म्हणजे करार मध्येच मोडता न येण्याचा काळ, दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. रिडेव्हलपमेंटचं एक कलम घालून घ्या: इमारत पाडायला निघाली तर किमान तीन महिन्यांची नोटीस, आणि शैक्षणिक वर्ष संपायच्या आत घर सोडावं लागलं तर एका महिन्याची दलाली मालकानं भरायची. बहुतेक मालक कुरकुरतात आणि सही करतात. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे घर भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी जो आकार लावते, तो मालकानं भरायचा असतो आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. तो तुमच्या मेंटेनन्समध्ये गुपचूप मिसळलेला नाही ना, ते बिल मागून बघा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ती ऑनलाइन देता येते. दिल्याची पावती मालकाकडून मागून घ्या.

आता क्रम असा लावा. फेब्रुवारीत शाळांची चौकशी, मार्चमध्ये दोन कामाचे दिवस काढून सासूबाईंसह ठाणे आणि ऐरोली, प्रवेशाचं नक्की झालं की एप्रिलमध्ये टोकन, मेच्या शेवटी सामान. पाचवीचा प्रवेश नौपाड्यात झाला तर तिथेच घर. नाही झाला आणि ऐरोलीत मनासारखी शाळा मिळाली, तर मिस्टरांना आठवड्यातून तीन दिवस तीन टप्प्यांचा प्रवास करू द्या. तेवढं ते करतील. टोकन देताना रोख देऊ नका, बँकेतून द्या, आणि सेक्रेटरींशी बोलणं होईपर्यंत ते परत मिळेल असं मालकाकडून मेसेजवर लिहून घ्या.